भरल्या पिकअपसाठी ब्रेक पॅड निवडताना

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात पोहोचते, तेव्हा तिच्या पुढच्या चाकांतल्या चार पॅडनी केलेले काम शहरात फिरणाऱ्या मोटारीच्या पॅडच्या वाट्याला क्वचितच येते. तरीही पॅड घ्यायला गेल्यावर आपण फक्त गाडीचे नाव सांगतो, दुकानदार दोन-तीन खोकी काउंटरवर मांडतो आणि त्यांतले मधल्या किमतीचे उचलून आपण बाहेर पडतो. गाडीवर प्रत्यक्षात किती वजन असते, ती कोणत्या रस्त्याने जाते आणि जुने पॅड कशामुळे संपले, हे प्रश्न तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. या लेखात तीच विचारपूस क्रमाने केली आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि ऑइलवर चालणारे ब्रेक असलेल्या, साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्या डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. हवेचे ब्रेक आणि चारही बाजूंना ड्रम असलेल्या मोठ्या ट्रकांत पॅडऐवजी लायनर असतात आणि त्यांची निवड वेगळ्या पद्धतीने होते.

आधी उष्णतेचा हिशेब

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणत असलो तरी प्रत्यक्षात तो गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता डिस्क, पॅड व ड्रम यांना आधी पोटात घ्यावी लागते, मग हवेत सोडावी लागते. मालासकट ३,००० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर सुमारे ४१७ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. तीच गाडी ताशी ८० वर असेल तर हा आकडा ७४० च्या घरात जातो. म्हणजे वजन वीस टक्के वाढले तर उष्णता वीस टक्के वाढते, पण वेग ६० चा ८० झाला की ती जवळपास पावणेदोन पट होते.

पुढच्या दोन डिस्क मिळून यातला दोन-तृतीयांश भार घेतात असे धरले आणि एका डिस्कचे वजन ८ किलो मानले, तर ६० वरून एकदा थांबताना प्रत्येक डिस्क साधारण ३५ ते ४० अंशांनी तापते. एवढ्याने काही बिघडत नाही, कारण पुढच्या सिग्नलपर्यंत ती निवते. घाटात मात्र निवायला वेळच मिळत नाही. हीच ३,००० किलोंची गाडी ३०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा केवळ उतरण्यामुळे ८.८ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ६० वरून गाडी लागोपाठ एकवीस वेळा पूर्ण थांबवावी, तेवढी ती होते. त्यातला मोठा वाटा खालच्या गिअरमध्ये इंजिनाने, काही वाटा हवेने आणि टायरने उचलायचा असतो. चालकाने गाडी न्यूट्रल करून सोडली की इंजिनाचा वाटाही पॅडवर येऊन पडतो.

म्हणून भरल्या गाडीचा पॅड निवडताना ‘याची पकड किती जोरदार’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला प्रश्न असा, की भरपूर तापल्यावर याची पकड किती शिल्लक राहते.

दोष पॅडचाच आहे ना, हे ठरवावे

‘ब्रेक लागत नव्हते’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. ते वेगळे न करता पॅड बदलणे म्हणजे पोटदुखीला डोक्याची गोळी देणे होय.

पहिल्या प्रकारात पेडल घट्ट असते, पाय नेहमीच्याच जागी थांबतो, पण कितीही दाबले तरी गाडीचा वेग पुरेसा उतरत नाही आणि जळका वास येतो. हा पॅडचा आजार आहे. पॅडमधले घटक राळेने बांधलेले असतात. ती राळ तिच्या मर्यादेपलीकडे तापली की वायू सोडू लागते, डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये वायूचा पातळ थर तयार होतो आणि मटेरियलचे घर्षणही घटते. पॅडची निवड सुधारून हा दोष कमी करता येतो.

दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ पडते, खाली-खाली जात राहते आणि पंप केल्यावर थोडे वर येते. इथे पॅड शाबूत असून ब्रेक ऑइल उकळलेले असते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत, पोहोचण्याऐवजी वाफ चेपण्यातच संपतो. गाडी थंड झाली की पेडल पूर्ववत होते आणि मालक ‘काही नाही, जरा तापली होती’ म्हणून पुढे निघतो. नवा महागडा पॅड यावर उपाय नाही, उलट तो जास्त उष्णता वाहणारा असेल तर आजार बळावतो.

तिसऱ्या प्रकारात पेडल लाकडासारखे टणक होते. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केले की ब्रेकच्या बूस्टरला मिळणारी निर्वात शक्ती थांबते, दोन-तीन दाबांत शिल्लक साठा संपतो आणि नंतर सगळा जोर एकट्या पायाचा उरतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर होणाऱ्या अवजड वाहनांच्या अपघातांच्या चर्चेत न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय पुनःपुन्हा निघते ती यामुळेच. या सवयीला पुरून उरेल असा पॅड कोणी बनवलेला नाही.

वजनकाटा आणि कमानपाटे

पहिली पायरी म्हणून गाडी नेहमीच्या भाराने भरून वजनकाट्यावर न्यावी आणि एकूण वजनाबरोबर पुढच्या व मागच्या चाकांचे वजन वेगवेगळे करून घ्यावे. पुढची चाके तेवढी काट्यावर चढवून एक नोंद आणि मग मागची चढवून दुसरी नोंद, एवढेच करायचे असते. काटेवाला थोडा कुरकुरतो, पण करून देतो. हे आकडे आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून पाहावेत. दीड टनाच्या पासिंगवर अडीच टन माल वाहणाऱ्या मालकाने पॅडचा दर्जा वाढवून सुरक्षितता विकत घेता येईल, अशी समजूत करून घेऊ नये. कॅलिपरचा पिस्टन, डिस्कची जाडी, मागचा ड्रम आणि टायर हे सगळे मूळ वजनासाठीच आखलेले असतात, आणि पॅड त्यांतला फक्त एक दुवा आहे. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, हे जाता जाता सांगितलेले बरे.

आता कमानपाट्यांविषयी. हा मुद्दा मी अनुभवाने शिकलो, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. माझ्या पिकअपचे पुढचे पॅड एका वर्षात तीनदा संपले. पहिला संच स्वस्त होता म्हणून दुसरा चांगल्या कंपनीचा घेतला, तोही टिकला नाही म्हणून तिसरा सर्वांत महाग घेतला, आणि तोही नऊ हजार किलोमीटरला पत्र्यापर्यंत आला. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी पुढचे चाक बाजूला ठेवून मागचा ड्रम उघडला. आतले लायनर जवळजवळ नव्यासारखे होते, ड्रममध्ये चिमूटभरही भुकटी नव्हती. ते गाडीखाली सरकले, मागच्या हाउसिंगपासून (म्हणजे मागच्या चाकांच्या आसाच्या आवरणापासून) चॅसीकडे जाणारी एक बारीक दांडी बोटाने हलवून दाखवली आणि विचारले, ‘पाटे कधी वाढवलेत?’

ती दांडी भार ओळखणाऱ्या व्हॉल्व्हची होती. गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी भरली की मागचा भाग खाली बसतो, चॅसी आणि हाउसिंग यांतले अंतर कमी होते, दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की मागची चाके घसरू नयेत म्हणून तोच व्हॉल्व्ह दाब रोखतो. मी दोन वर्षांपूर्वी प्रत्येक बाजूला दोन पाटे वाढवले होते, त्यामुळे पूर्ण भरलेली गाडीही मागे पुरेशी बसत नव्हती. व्हॉल्व्हच्या समजुतीप्रमाणे गाडी सदैव रिकामीच होती, मागचे ब्रेक अर्धवट काम करत होते आणि त्यांच्या वाट्याचा भार पुढच्या पॅडवर पडत होता. वाढीव पाटे काढून, गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतल्या मापाने आणि दाबाच्या गेजवर व्हॉल्व्ह बसवून घेतल्यावर पुढचा संच आधीच्या दुपटीहून अधिक चालला, आणि तो त्या तीनमधला मधल्या किमतीचाच होता.

म्हणून पॅड घेण्याआधी मागचे ड्रम उघडून लायनरची झीज, चाकाच्या सिलिंडरमधली गळती, आपोआप अंतर घेणाऱ्या अॅडजस्टरची हालचाल आणि ही दांडी तपासावी. काही चालक ती दांडी तारेने बांधून व्हॉल्व्ह कायमचा उघडा ठेवतात. भरल्या गाडीला ते सोयीचे वाटते, पण रिकाम्या परतीच्या खेपेत ओल्या रस्त्यावर मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते. एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या नव्या गाड्यांत हे काम बहुधा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते आणि दांडी नसते; तिथे डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा चालू गाडीत विझलेला आहे ना, एवढे तरी पाहावे.

जुना पॅड वाचावा

काढलेले पॅड भंगारात टाकण्याआधी कागदावर कोणता आतला, कोणता बाहेरचा, कोणता डावा, कोणता उजवा असे लिहून ओळीने मांडावेत. त्यांच्यावर गेल्या काही महिन्यांचा वृत्तांत लिहिलेला असतो.

पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत झाला असेल, कडा ठिसूळ होऊन पांढरट पडल्या असतील किंवा आडव्या भेगा गेल्या असतील, तर तो पॅड त्याच्या मटेरियलच्या मर्यादेपलीकडे तापलेला आहे. डिस्कवर निळसर डाग दिसत असतील तर शंकेला जागाच उरत नाही. अशा गाडीला उष्णता अधिक सोसणारे मटेरियल खरोखर लागते. चारही पॅड सारखे, सपाट आणि निरोगी झिजलेले असतील, तर मूळ दर्जा योग्यच आहे. तोच पुन्हा घ्यावा आणि वाढीव पैसे ऑइलवर खर्च करावेत.

आतला पॅड संपला आहे आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे, तर कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन अडकलेली आहे किंवा पिस्टन मागे परतत नाही. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तरीही संशय कॅलिपरवर घ्यावा. डावी बाजू उजवीपेक्षा जास्त झिजली असेल तर एका बाजूचा ब्रेकचा पाइप आतून फुगून बंद झालेला असू शकतो. खोल चरे दिसले तर खडी किंवा वाळूच्या धंद्यातली धूळ आठवावी. मासळी वाहणाऱ्या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी: बर्फाचे खारट पाणी मागून ठिबकत राहते, ड्रम आणि हँडब्रेकची वायर गंजते, मागचा ब्रेक अडकतो. कोकणातल्या दमट खाऱ्या हवेत तर पॅडच्या मागच्या पत्र्याला गंज चढून मटेरियलचा थर पापुद्र्यासारखा सुटलेलाही पाहायला मिळतो.

जाडीविषयी एक गोष्ट स्पष्ट असावी. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत मटेरियलची किमान जाडी २ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते, पण ती शेवटची हद्द आहे. पॅड जितका पातळ, तितकी उष्णता लवकर पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत पोहोचते. घाटात भरून उतरणाऱ्या गाडीचे पॅड मी ४ मिलिमीटर उरले की बदलतो. कापल्यासारखी किंचाळी येईपर्यंत थांबणाऱ्या मालकाचे पॅडचे पैसे वाचतात आणि डिस्कचे जातात.

मटेरियल कोणते घ्यावे

बाजारात ढोबळमानाने तीन कुळे मिळतात. पहिले ऑरगॅनिक, म्हणजे तंतू, रबर आणि राळ यांचे ऍस्बेस्टॉसविरहित मिश्रण. ते आवाज करत नाही, डिस्कला सौम्य असते, थंड असतानाही लगेच पकडते आणि स्वस्त असते, पण उष्णतेची त्याची मर्यादा कमी असते. रिकाम्यासारखी हिंडणारी, सपाट मुलखातली गाडी असेल तर ते पुरते. दुसरे सेमी-मेटॅलिक, ज्यात वजनाने साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो. ते जास्त तापमानात टिकते आणि उष्णता लवकर वाहून नेते, मात्र थोडा आवाज करते, डिस्क अधिक झिजवते आणि काळी भुकटी सोडते. तिसरे सिरॅमिक, ज्याची जाहिरात सर्वांत आकर्षक असते. शांतपणा आणि स्वच्छ चाके हे त्याचे खरे गुण आहेत. मालाच्या गाडीला या दोन्हींचे फारसे अप्रूप नाही, आणि खोक्यावर सिरॅमिक लिहिले म्हणून तो पॅड भार सोसेलच असे मानता येत नाही.

भार आणि घाट दोन्ही असतील तर माझा कौल सेमी-मेटॅलिकला आहे, पण दोन अटींवर. पहिली अट ऑइलची. धातू जास्त म्हणजे कॅलिपरकडे जाणारी उष्णताही जास्त, म्हणून ऑइल ताजे असले पाहिजे आणि पॅडच्या पाठीवरची शिम (पातळ पत्री) जागेवर असली पाहिजे. दुसरी अट अशी, की पॅड व्यापारी वाहनासाठी बनवलेला असावा. शर्यतीच्या गाड्यांचे पॅड ‘आठशे अंश सोसतात’ म्हणून कोणी सुचवले तर ऐकू नये. ते तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत, आणि सकाळी थंड गाडी काढून पहिल्याच वळणावर समोर शाळेची मुले आली तर तापण्याची वाट पाहता येत नाही. आपली गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी असते, म्हणून पॅडला थंडपणी आणि तापल्यावर अशा दोन्ही वेळी काम करता आले पाहिजे.

खोक्यावरची आणि पत्र्यावरची अक्षरे

चांगल्या पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर आकड्यांच्या ओळीच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात: ईई, ईएफ, एफई, एफएफ, जीजी अशी. पहिले अक्षर साधारण तापमानातला घर्षणांक सांगते, दुसरे अक्षर साधारण ३४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावरचा. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. आपल्या कामाचे अक्षर दुसरे. एफई लिहिलेला पॅड गावात झकास वाटेल आणि घाटाच्या मध्यावर ढिला पडेल. एफएफ दोन्हीकडे एकाच पट्ट्यात राहील.

मग जीजीच का घेऊ नये, असा प्रश्न साहजिक येतो. पुढची पकड एकदम वाढली आणि मागचे ड्रम तसेच राहिले, तर दोन्हींतला तोल बिघडतो. पावसात रिकामी गाडी जोरात दाबली की पुढची चाके आधी जाम होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. म्हणून मूळ पॅडवर जी अक्षरे होती तीच घ्यावीत, आणि जुना पॅड जळल्याची खूण असेल तर दुसरे अक्षर फार तर एक पायरी वर न्यावे. हेही ध्यानात ठेवावे, की ही अक्षरे पॅडच्या एक इंच चौरस तुकड्याची यंत्रावर चाचणी घेऊन दिली जातात. पूर्ण भरलेली गाडी किती मीटरवर थांबेल, पॅड किती टिकेल किंवा पाचशे अंशांना त्याचे काय होईल, हे ती सांगत नाहीत.

याहून भक्कम खूण म्हणजे वर्तुळात ई, शेजारी देशाचा आकडा आणि मंजुरी क्रमांकात ९०आर. बदली पॅडसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ९० खालची ही मंजुरी आहे. तीत संपूर्ण पॅड त्या विशिष्ट गाडीसाठी तपासला जातो आणि त्याची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडेतिकडे असावी लागते. म्हणजे ‘दुप्पट पकड’ असा दावा करणारा पॅड या चाळणीतून जाऊच शकत नाही, आणि तेच योग्य आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक पॅडवर ही खूण नसते. अशा वेळी लायनिंगसाठीचे भारतीय मानक आयएस २७४२ चा उल्लेख, ऍस्बेस्टॉस नसल्याचे स्पष्ट लेखन, बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना यांकडे पाहावे.

दुकानात उभे असतानाच खोके उघडून चारही पॅड हातात घ्यावेत. चारींवर बॅच एकच असावी, पत्र्याची जाडी जुन्या पॅडशी जुळावी, पत्रा सपाट जमिनीवर ठेवल्यावर डुगडुगू नये. मटेरियल पत्र्याला चिकटलेल्या रेषेवर नख फिरवून फट, पोकळी किंवा सुटलेला रंग आहे का ते पाहावे. पत्र्यातच उठवलेल्या बारीक हुकांत मटेरियल अडकवलेले असेल तर भरल्या गाडीसाठी ते अधिक खात्रीचे. मधल्या चिरेमुळे भुकटी आणि वायू बाहेर पडतात, कडेच्या उतारामुळे आवाज कमी होतो. नकली मालावर बहुधा छपाई पुसट असते, सांकेतिक चौकोन मोबाइलवर स्कॅन केला तर उघडत नाही आणि दुकानदार पक्के बिल द्यायला का-कू करतो. यांतली शेवटची खूण सर्वांत विश्वासू मानावी.

मापाच्या बाबतीत गाडीचे नाव आणि वर्ष पुरत नाही. एकाच नावाच्या गाडीत मधल्या काळात कॅलिपर बदललेला असू शकतो. चॅसी क्रमांकावरून पार्ट नंबर काढावा आणि शिवाय जुना पॅड सोबत नेऊन नव्यावर ठेवून पाहावा. पॅडच्या कानाच्या (पत्र्याच्या बाहेर आलेल्या टोकाच्या) जागी दोन मिलिमीटरचा फरक असला तर ‘ग्राइंडर मारून बसवतो’ म्हणणाऱ्या फिटरला नम्रपणे नकार द्यावा.

डिस्क आणि ऑइल

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंच भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने किंवा व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी माप घ्यावे, मात्र कडेला उरलेल्या उंचवट्यावर व्हर्नियर अडकून खोटे माप येते, तेव्हा आतल्या बाजूला मोजावे. डिस्क किमान मापाजवळ आली असेल तर लेथवर तासून घेण्याचा मोह टाळावा, कारण तासलेली डिस्क गुळगुळीत होते पण उष्णता सामावणारे लोखंडच कमी झालेले असते.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते आणि पाणी वाढले की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ ऑइल नवे असताना किमान २०५ अंशांना उकळते आणि पाणी शोषल्यावर ही हमी १४० पर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर भरल्या गाडीला डॉट ४ घालावे, ते सीलबंद लहान बाटलीतून घालावे आणि दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा सरल्यावर, पूर्ण बदलावे. डॉट ५ हे नाव पुढचा आकडा म्हणून चांगले वाटते, पण ते सिलिकॉनचे असते आणि यांच्यात मिसळत नाही.

बसवताना

गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि जॅकवर विसंबून न राहता गाडीखाली घोडी (टेकूचा स्टँड) द्यावी. पिस्टन मागे दाबण्याआधी टाकीतले ऑइल थोडे काढून घ्यावे, नाहीतर ते उसळून रंगावर सांडते आणि रंग उडतो. भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुने पॅड कशाचे होते याची खात्री नसताना ती छातीत घेण्यात अर्थ नाही. स्लाइड पिन स्वच्छ करून तिला ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावावे; चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस रबर फुगवते आणि पिन पुन्हा अडकते. कॅलिपर पाइपवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत. सर्व बसल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहावे. ही एक गोष्ट विसरल्यामुळे गॅरेजच्या भिंतीला जाऊन टेकलेली गाडी मी पाहिली आहे.

पहिले तीनशे किलोमीटर

नवा पॅड कोरा असतो. त्यातली वरच्या थरातली राळ पहिल्यांदा तापताना वायू सोडतेच, आणि हे पहिले तापणे भरल्या गाडीने घाटात होऊ देणे हा सर्वांत महाग पडणारा उतावळेपणा आहे. खोक्यात सूचनापत्र असेल तर त्याप्रमाणे करावे. नसेल तर रिकामी गाडी मोकळ्या सपाट रस्त्यावर नेऊन ताशी ५० वरून १५ पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबवता, पंधरा-वीस वेळा उतरवावी आणि दर दोन वेळांमध्ये अर्धा किलोमीटर तरी जाऊ द्यावा. त्यानंतर दहा मिनिटे शक्यतो ब्रेक न लावता चालवून डिस्क निवू द्यावी. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नये, पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे कायमची थरथर मागे लागते. पहिले तीनशे किलोमीटर अर्धा भार आणि घाटाविना ठेवता आले तर उत्तम. धंद्यात ते नेहमी जमत नाही, तेव्हा निदान पहिली घाटाची खेप हलकी घ्यावी.

घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये, उतार सुरू होण्याआधीच, यावे. पाय पेडलवर सतत हलका टेकवून ठेवण्यापेक्षा वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की एकदा ठाम दाबून तो दहा किलोमीटरने खाली आणावा आणि पाय पूर्ण उचलावा. जिरवायची उष्णता साधारण तेवढीच राहते, पण पाय उचललेला असताना डिस्क आणि पॅड यांना हवा मिळते.

पहिला भरला घाट उतरल्यावर सुरक्षित जागी गाडी उभी करून चारही चाकांजवळ जावे. हात न लावता, काही अंतरावरूनच, कोणत्या चाकाची धग जास्त आहे ते जाणवते. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डाव्या-उजव्या डिस्कचे आकडे लिहून घ्यावेत. दोन्हींत मोठा फरक असेल तर कॅलिपर पुन्हा उघडावा. मागचे ड्रम गारच असतील तर पुन्हा त्या बारीक दांडीकडे जावे. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासावेत, हजार किलोमीटरला चाक काढून आतल्या पॅडची जाडी मोजावी आणि ती किलोमीटरच्या आकड्यासह डिझेलच्या वहीत मांडावी, कारण पुढचा संच कोणता घ्यायचा हे ठरवताना तीच नोंद काउंटरवर सोबत न्यायची आहे.